काळा गोळा कोणी टाकला?

फ्रीमेसन म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर एक थंबनेल येतं. काळी पार्श्वभूमी, त्रिकोणातला डोळा, लाल बाण आणि 'जगावर राज्य करणारी गुप्त संघटना' असा मथळा. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादे काका तो व्हिडिओ टाकतात, कुणीतरी डोळे विस्फारलेला इमोजी देतं, विषय संपतो. मला या व्हिडिओंचा राग येतो. ते खोटे असतात हे एक कारण झालं. पण खरी चीड याची की त्यांच्यामुळे फ्रीमेसनांना विचारायचा खरा प्रश्न कुणी विचारतच नाही.

मुंबईत फोर्टमध्ये, स्टर्लिंग सिनेमाच्या मागच्या बाजूला फ्रीमेसन्स हॉल आहे. जगाचा कंट्रोल रूम असल्यासारखी ती इमारत अजिबात दिसत नाही. आत मेसन मंडळींची 'लॉज' भरतात. (लॉज म्हणजे बोर्डिंग-लॉजिंगवालं नव्हे. लॉज म्हणजे शाखा, सभासदांचा गट.) हे सभासद एकमेकांना 'ब्रदर' म्हणतात, अ‍ॅप्रन घालतात, गुण्या आणि कंपास ही त्यांची खूण. मध्ययुगीन युरोपात चर्चं बांधणाऱ्या गवंड्यांच्या संघांची परंपरा ते सांगतात. त्यांच्या सगळ्या रूपकांत गवंडीकाम आहे. गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ वागणं, पाणसळ म्हणजे समता. पाणसळीवर सगळे एका पातळीत.

आधी गुपिताचं उरकून टाकू, कारण त्यात फारसं काही नाही. मेसन लोकांचे विधी १७३० मध्येच लंडनमध्ये छापून विकले गेले. सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या माणसाने पुस्तिका काढली आणि तिच्यावर लोकांच्या उड्या पडल्या. त्याच वर्षी कलकत्त्यात फोर्ट विल्यममध्ये भारतातलं पहिलं लॉज सुरू झालं. म्हणजे हे 'गुप्त' प्रकरण आपल्याकडे पोचलं त्याच वर्षी त्याचा पेपर फुटलेला होता. सैतानाच्या पूजेची गोष्ट तर आणखी मजेशीर. लिओ टॅक्सिल नावाच्या फ्रेंच लेखकाने बारा वर्षं मेसनांच्या सैतानपूजेच्या कहाण्या रचल्या, पुस्तकं खपवली, आणि १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमध्ये सभा भरवून जाहीर केलं की मी तुम्हाला सगळ्यांना बनवलं. सव्वाशे वर्षांपूर्वी लेखकाने स्वतः कबूल केलेली थाप आपण आजही फॉरवर्ड करतोय. आणि ही थाप निरुपद्रवी नाही. 'मेसन आणि ज्यू मिळून जग चालवतात' हेच म्हणत हिटलरने लॉज बंद केली आणि फ्रँकोने स्पेनमध्ये १९४० साली मेसनांविरुद्ध कायदा केला. तेव्हा काकांना एवढं सांगायला हरकत नाही की काका, हा व्हिडिओ कुठून कुठून प्रवास करत तुमच्या फोनवर आलाय ते एकदा बघा.

माझी तक्रार वेगळी आहे. मेसनांकडची एकच वस्तू मला खरोखर भीतीदायक वाटते आणि ती कुठल्याच व्हिडिओत नसते. ती आहे एक लाकडी पेटी.

लॉजमध्ये नवा माणूस घ्यायचा तर एका सभासदाने त्याचं नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, चौकशी करायची, आणि मग मतदान. पेटीत प्रत्येकाने गोळा टाकायचा. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नको. बहुमताचा प्रश्नच नाही. इंग्लिश ग्रँड लॉजच्या नियमात तीन काळे गोळे पडले की माणूस बाद, आणि लॉजला वाटलं तर ते स्वतःच्या नियमात दोन किंवा एकच काळा गोळा पुरे असंही ठरवू शकतं. कुणी टाकला ते कुणाला कळत नाही, का टाकला हे विचारायचं नाही. इंग्रजीत एखाद्याला वाळीत टाकण्याला 'ब्लॅकबॉल' म्हणतात, तो शब्द क्लबांच्या आणि लॉजच्या याच पद्धतीतून आला.

म्हणजे बघा. भिंतीवर पाणसळ, तोंडी बंधुभाव, आणि दारात अशी पेटी जिच्यात एका माणसाचा आकस चाळीस जणांच्या इच्छेवर मात करू शकतो, तोही चेहरा न दाखवता.

मुंबईत या पेटीने काय केलं त्याचा इतिहास आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. माणकजी कर्सेटजी हे १८०८ साली जन्मलेले पारशी गृहस्थ. पुढे स्मॉल कॉजेस कोर्टाचे न्यायाधीश झाले. शिकलेले, श्रीमंत, इंग्रजांत ऊठबस असलेले. त्यांना मेसन व्हायचं होतं. मुंबईतल्या युरोपीय लॉजने दार उघडलं नाही. नियमात कुठेही 'फक्त गोऱ्यांसाठी' असं लिहिलेलं नव्हतं, उलट एका ईश्वराला मानणारा कुठल्याही धर्माचा सज्जन चालेल असाच मेसनांचा दावा. लिहायची गरजच नव्हती, पेटी होती. माणकजी युरोपात गेले आणि अखेर पॅरिसच्या एका फ्रेंच लॉजमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. दीक्षा घेऊन, रीतसर 'ब्रदर' होऊन ते मुंबईत परत आले. आपल्याच गावातल्या बंधूंचं दार तरीही बंदच.

मग जेम्स बर्न्स पुढे आले. कंपनीच्या नोकरीतले स्कॉटिश डॉक्टर, पश्चिम भारतातल्या स्कॉटिश लॉजचे प्रमुख. अलेक्झांडर बर्न्स हा प्रसिद्ध प्रवासी आणि मुत्सद्दी त्यांचा भाऊ. तो १८४१ मध्ये काबूलच्या उठावात मारला गेला आणि त्याच्याबरोबर धाकटा चार्ल्सही. दोन सख्खे भाऊ असे गमावलेल्या या माणसाने दोन वर्षांनी, १५ डिसेंबर १८४३ रोजी, मुंबईत हिंदी लोकांसाठी एक नवं लॉज उघडलं. त्याचं नाव 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया'. पारशी आणि मुसलमान सभासद आत आले. हे सोपं नव्हतं. त्याच १८४३ साली कंपनीने सिंध गिळंकृत केला होता, त्या वातावरणात एका साहेबाने हिंदी माणसाला 'ब्रदर' म्हणायचं ठरवलं. बर्न्सना याचं श्रेय दिलंच पाहिजे आणि मी ते देतो.

पण मुंबईच्या मेसनांच्या कौतुकाचे लेख इथेच थांबतात. 'वंशभेदाच्या काळात समतेचा तारा उगवला' वगैरे. मला विचारायचंय, तो उगवला कुणासाठी?

एक तर हे वेगळं लॉज होतं. गोऱ्यांचं लॉज होतं तिथेच राहिलं, त्यांच्या पेटीला कुणी हात लावला नाही. नको असलेल्या माणसासाठी शेजारी दुसरी खोली बांधली. चहाच्या टपरीवर वेगळा कप ठेवण्याची पद्धत ज्या देशाला ठाऊक आहे, त्या देशाला या युक्तीची वेगळी ओळख करून द्यायला नको.

दुसरं, सुरुवातीला हिंदू नव्हते. कारण दिलं गेलं ते देवांचं. हिंदू अनेक देव मानतात, मग एका परमेश्वरावर श्रद्धा असल्याची अट कशी पुरी होणार? कलकत्त्यात हा वाद सगळ्यांत लांबला. प्रसन्नकुमार दत्त नावाच्या हिंदू गृहस्थाने १८६३ मध्ये अर्ज केला. बंगालमध्ये तर नियमच होता की प्रांताच्या प्रमुखाच्या खास परवानगीशिवाय एकाही 'आशियाई' माणसाला घ्यायचं नाही. प्रकरण लंडनपर्यंत गेलं. देवांचा मुद्दा टिकेना तेव्हा जात पुढे आली. जो माणूस स्वतःच्या धर्मबांधवाला शिवत नाही तो आम्हाला बंधू कसा मानणार, असं साहेब विचारू लागले. प्रश्न बिनतोड होता. फक्त तो विचारणारे स्वतः नऊ वर्षं एका माणसाला रंगावरून दाराबाहेर उभं करून होते. दत्तांना १८७२ साली प्रवेश मिळाला. बारा वर्षांनी कलकत्त्याच्या त्याच 'अँकर अँड होप' लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण मेसन झाला. तो पुढे विवेकानंद म्हणून ओळखला गेला. प्रसन्नकुमार मात्र इतिहासाच्या तळटिपेत राहिले.

पुढे दार बरंच उघडलं. दादाभाई नौरोजी मेसन होते, फिरोजशहा मेहता होते, खरशेटजी कामा तर मुंबईच्या मेसनांचे मोठे आधारस्तंभ. मोतीलाल नेहरूही मेसन होते. ही नावं मेसन मंडळी अभिमानाने सांगतात, आणि का सांगू नयेत? पण नावं एका ओळीत लावून बघा. बॅरिस्टर, व्यापारी, विद्वान, वकील. विधी इंग्रजीत, फी भरायची ऐपत हवी, नाव सुचवायला आतला माणूस हवा. ज्यांनी गवंड्याचा गुण्या घेतला, ओळंबा घेतला, थापी घेतली, त्यांनी गवंडी तेवढा बाहेर ठेवला.

रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला आणि १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये मेसन झाला. त्या लॉजवर त्याची एक प्रसिद्ध कविता आहे, मेसनांच्या प्रत्येक समारंभात तिचा उल्लेख होतो. आशय असा की बाहेर सॅल्यूट आणि साहेब, आत मात्र सगळे बंधू. त्यात सर्व जातिधर्मांच्या सभासदांची यादी आहे. लोक भारावून जातात. पण त्याच कवितेत किपलिंग एक गोष्ट सांगून जातो, जी भारावलेल्यांच्या नजरेतून सुटते. आमच्या लॉजमध्ये मेजवान्या द्यायची आमची छाती होत नसे, कारण एखाद्या बंधूची जात बाटायची.

इथे थांबून विचार करा. बंधुभाव आहे, गळाभेट आहे, गुप्त खुणा आहेत. जेवण तेवढं नाही. ज्या समतेत एका पंगतीला बसता येत नाही, ती कसली पाणसळ? पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणायचा तर एक बाजू उचलावी लागते, दुसरी खाली घ्यावी लागते. लॉजने कुणालाच हलवलं नाही. प्रत्येकाची जात, प्रत्येकाचा हुद्दा, बाहेर खुंटीवर टांगलेल्या कोटासारखा सुरक्षित राहिला. परत जाताना ज्याने त्याने आपापला घातला.

आणि नेमक्या याच मुंबईत, रायझिंग स्टार सुरू झाल्यावर पाचसहा वर्षांतच, मराठी माणसांनीही एक गुप्त मंडळी काढली होती. तिचं नाव परमहंस सभा. 'मराठी भाषेचे पाणिनी' म्हणून शाळेत ज्यांचं नाव ऐकलं असेल ते व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्यामागे होते, राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. बैठका गुप्त, यादी गुप्त, प्रवेशाला विधी. वरवर पाहता मेसनच. पण विधी काय होता? नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. बस्स. आज आपण वडापाव खाताना हा विचारही करत नाही, पण १८५० च्या आसपास त्या एका घासाने माणूस जातीतून जायचा, घरातून जायचा, मेल्यावर खांदा द्यायला कुणी येत नसे.

या दोन गुप्ततांमधला फरक मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. परमहंस सभेने जे लपवलं त्याने जात मोडत होती, म्हणून लपवलं. लॉजने जे लपवलं त्याने कशालाच धक्का लागत नव्हता. सभेची गुप्तता हे भीतीचं पांघरूण होतं. लॉजची गुप्तता ही ऐट होती.

अर्थात भीतीचं पांघरूण टिकलं नाही. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळीची दाणादाण उडाली. सभा संपली. त्यातल्या काही जणांनी पुढे १८६७ मध्ये उघड प्रार्थना समाज काढला, पण पावाचा घास तिथे सक्तीचा राहिला नाही. डेटा लीक झाल्यावर अख्खी संस्था बंद पडण्याचं हे मराठीतलं बहुधा पहिलं उदाहरण. मी या लोकांना भित्रे म्हणणार नाही. जोखीम काय होती ते त्यांना ठाऊक होतं. पण दार बंद करून मोडलेली जात दाराबाहेर जशीच्या तशी उभी राहते हेही त्यांच्याच इतिहासाने दाखवलं.

दार उघडं ठेवून ते करणारा माणूस पुण्यात होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. गंज पेठेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्यांचाही विधी होता, खंडोबाचा बेलभंडारा उचलून शपथ. गवंड्याला, माळ्याला, कुणब्याला समजेल अशा त्याच्याच देवाची, त्याच्याच भाषेतली शपथ. गुपित काही नाही. समाजाचे अहवाल छापले जात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भटजीशिवाय लग्न लागलं. पुढच्या अशाच एका लग्नाच्या वेळी विरोध इतका तापला की पोलिसांची मदत घ्यावी लागली. सत्यशोधकांत त्रुटी नव्हत्या असं नाही, त्यांच्यातही पुढे जातींची उतरंड शिरली. पण त्यांची समता रस्त्यावर आली आणि रस्त्यावर तिला मार बसला. लॉजच्या समतेला कधी ओरखडाही उठला नाही.

'हा अन्याय आहे, लॉज ही सुधारणा संस्था नव्हतीच,' असं मेसन म्हणतील. त्यांचा दुसरा मोठा नियम इथे येतो. लॉजमध्ये धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायचा नाही. अठराव्या शतकातल्या युरोपात, जिथे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते, तिथे हा नियम शहाणपणाचा होता. निदान एक खोली अशी असावी जिथे दोघे बसू शकतील. पण हाच नियम उचलून वसाहतीत आणला की त्याचं काय होतं? १८८३ मध्ये इल्बर्ट बिल आलं. हिंदी न्यायाधीशांना गोऱ्या आरोपीचा खटला चालवू द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न. गोऱ्या समाजाने आकाशपाताळ एक केलं आणि बिल पातळ करून घेतलं. त्या वर्षी मिश्र लॉजमध्ये शेजारी बसलेल्या दोन बंधूंनी काय बोलायचं? हवापाणी. एक बंधू दुसऱ्याला न्याय द्यायला लायक आहे की नाही हा राजकीय विषय, तो दाराबाहेर. राज्यकर्ता आणि प्रजा एका खोलीत असताना राजकारण नको म्हणणं म्हणजे प्रजेला तोंड मिटायला सांगणं. राज्यकर्त्याला तसंही बोलायची गरज नसते, त्याचं सगळं ठरलेलंच असतं.

हा नियम कुठे ऐकल्यासारखा वाटतो? मला वाटतो. आमच्या बॅचच्या ग्रुपच्या वर्णनात लिहिलंय, 'नो पॉलिटिक्स, नो रिलिजन, ओन्ली पॉझिटिव्हिटी'. त्या ग्रुपवर आरक्षणाबद्दलचे विनोद चालतात, ते पॉलिटिक्स नाही. त्यावर कुणी हरकत घेतली की ते मात्र पॉलिटिक्स.

आता दानधर्म. हा बचाव मी गंभीरपणे घेतो, कारण तो खरा आहे. मेसन भरपूर दान करतात. कोइम्बतूरला त्यांचं मुलांचं हॉस्पिटल आहे, दिल्लीत जनपथावर पॉलिक्लिनिक आहे. शिष्यवृत्त्या देतात, पुरात मदत पाठवतात. ज्याच्या मुलाचा इलाज तिथे झाला त्याला माझा हा लेख वाचून राग येईल आणि यायला हवा. पण दान आणि समता यांची अदलाबदल करू नका. दानात देणारा वर असतो, घेणारा खाली. दवाखान्याच्या दारातून कुणीही आत जाऊ शकतो आणि लॉजच्या दारातून नाही, ही दोन दारं एकाच संस्थेची आहेत.

'खासगी क्लब आहे, ज्याला हवं त्याला घेतील' हा तिसरा बचाव. मान्य. पत्ते खेळणाऱ्यांच्या अड्ड्यालाही तो हक्क आहे. पण पत्त्यांचा अड्डा स्वतःला विश्वबंधुत्वाचं मंदिर म्हणवत नाही.

बायकांचं तर विचारूच नका. १७२३ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या मेसनांच्या पहिल्या नियमपुस्तकात कुणाला घ्यायचं नाही त्याची यादी आहे. गुलाम, स्त्रिया आणि बदनाम पुरुष, एकाच ओळीत. गुलामगिरी गेली, पुरुषांची बदनामी तर आता करिअरच्याही आड येत नाही, बाया अजून बाहेरच. १९६१ मध्ये भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झालं. वेदीवर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरु ग्रंथ साहिब असे अनेक धर्मग्रंथ शेजारी शेजारी ठेवायची सुंदर प्रथा त्यांनी चालवली. एवढे देव मावले. स्वतंत्र देशात, जिथे राज्यघटनेने बाईला पहिल्या निवडणुकीपासून मत दिलं होतं, तिथे नवीन संस्था काढताना हा एक नियम मात्र ब्रिटिशांचा जसाच्या तसा ठेवला. अ‍ॅनी बेझंटना १९०२ मध्ये मेसन व्हायचं होतं तेव्हा त्यांनाही पॅरिसच गाठावं लागलं, तिथल्या स्त्रीपुरुषांच्या मिश्र लॉजकडे. ती शाखा त्यांनी भारतातही आणली, पण मुख्य प्रवाहातले मेसन तिला मेसन मानत नाहीत.

यातला सगळ्यांत कडवट भाग माणकजींचाच. ज्यांनी मुंबईच्या हिंदी माणसासाठी ते दार ठोठावलं, त्यांनीच १८६३ मध्ये मुलींना इंग्रजी शिक्षण देणारी अलेक्झांड्रा शाळा काढली, त्या काळच्या शिव्या खात. शाळा अजून आहे, फोर्टमध्येच, फ्रीमेसन्स हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या शाळेतून शिकून मुली डॉक्टर, वकील, काय वाट्टेल ते होऊ शकतात. संस्थापकाच्या लॉजचं सभासद तेवढं होता येत नाही.

तुम्ही म्हणाल, असतील काही म्हातारे अ‍ॅप्रन घालून बसत, आपल्याला काय त्याचं? आपल्याला त्याचं हे, की लॉजला सभासद कमी पडले तरी ती पेटी मेलेली नाही. ती घरोघरी आणि ऑफिसाऑफिसात पोचली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नोकरीची जाहिरात सगळ्यांसाठी खुली असते, पण अर्ज वाचला जातो तो रेफरलवाला. म्हणजे नाव सुचवायला आतला माणूस हवाच. आधीच्या एका कंपनीत मी मुलाखतीच्या पॅनेलवर असायचो. एका मुलीने कोडिंगच्या दोन्ही फेऱ्या झकास पार केल्या. लहान गावातलं कॉलेज, इंग्रजी अडखळतं, उत्तरं चोख. शेवटच्या बैठकीत एक जण म्हणाला, 'टीममध्ये फिट होईल असं वाटत नाही.' मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, 'तसं सांगता येणार नाही, फीलिंग आहे.' फॉर्ममध्ये 'कल्चर फिट' नावाचा रकाना होता, त्यात 'नाही' गेलं. चार पांढरे, एक काळा. तिला मेल गेला की आम्ही इतर उमेदवारांसोबत पुढे जात आहोत. कारण कधीच कळलं नसेल तिला. त्या रकान्याला कारण लिहायची सक्ती करा म्हणून मी मेल लिहिला, त्यावर 'नोटेड' असं उत्तर आलं.

मुंबई-पुण्यात भाड्याने घर शोधलेल्या कुणालाही विचारा. ब्रोकर फोनवर आधी आडनाव विचारतो. मग 'व्हेज की नॉनव्हेज'. मग 'मालकांना विचारून सांगतो', आणि मग फोन लागत नाही. सोसायटीच्या नियमावलीत कुठेही काही लिहिलेलं नसतं. १८४० च्या मुंबईतही लिहिलेलं नव्हतं. माणकजींसारखा एखादा आज हवं तर पॅरिसला जाऊन पीएचडी करून येईल, हिंजवडीत टू बीएचके मिळेलच असं नाही.

म्हणून मला मेसनांवर बंदी नको, त्यांच्या गुपितांचा भांडाफोड नको, छापा नको. बंदीची भाषा हिटलर-फ्रँकोची. मला त्यांनी दोन गोष्टी करायला हव्या आहेत. पहिली, काळ्या गोळ्यासोबत कारणाची चिठ्ठी. नाव नका लिहू, कारण लिहा. 'आडनाव आवडलं नाही' असं स्वतःच्या हाताने कागदावर लिहायची वेळ आली की बरेच हात थबकतात. आणि तो नियम त्यांच्याकडे आला की मी तो आमच्या एचआरला दाखवू शकेन.

दुसरी मागणी जुन्या कागदांची. मुंबईच्या लॉजचे १९४७ पूर्वीचे दप्तर, सभांची इतिवृत्तं, सभासदांच्या नोंदवह्या, दानाचे हिशोब हे आता कुणाचंही खासगी गुपित राहिलेलं नाही. त्यातल्या सगळ्यांना जाऊन जमाना झाला. या शहरातला गोरा, पारशी, मुसलमान, हिंदू एका खोलीत कसा बसायला शिकला आणि कुणाला बसू दिलं नाही, हे त्यात आहे. ते स्कॅन करून अभ्यासकांना खुलं करा. महाराष्ट्राचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, फोर्टातल्या फोर्टात, टॅक्सीने मिनिमम भाड्यात पोचता येईल. कोण बाद झालं त्यांची नावं त्या वह्यांत सापडतील. काळा गोळा कोणी टाकला हे त्यांतही सापडणार नाही, पेटीची रचनाच तशी आहे.